होडीवरचा झरा

समुद्राचा आणि सोयगावचा तसा काही संबंध नाही. रस्त्याने निघाले तर चारशे किलोमीटर ओलांडल्याशिवाय खाऱ्या वाऱ्याचा वास नाकाला लागत नाही. आमच्याकडे कपाशी आहे, मका आहे, अजिंठ्याचा डोंगर आहे आणि चैत्र-वैशाखात पाण्याची वाट पाहणे आहे. त्यामुळे "यंदा दिवाळी अंकाला काय देणार?" असे संपादकांनी विचारले आणि मी "समुद्रावरच्या पिण्याच्या पाण्याविषयी लिहितो" असे उत्तर दिले, तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली. "विहिरींविषयी म्हणता का?" त्यांनी जपून विचारले. नाही, विहिरींविषयी नाही. शिडाच्या होडीवर गोडे पाणी करायचे यंत्र कोणते घ्यावे, याविषयी. संपादक सज्जन गृहस्थ आहेत. "बरं, शब्दमर्यादा सांभाळा," एवढेच म्हणाले.

पण वाचकहो, संबंध नाही म्हणता म्हणता आहे. अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात येतात. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. पाचव्या शतकातले हे चित्र. तीन डोलकाठ्या, त्यांवर उंच, अरुंद शिडे आणि मागच्या बाजूला छपराखाली ओळीने मांडलेले घट. चित्रातली कथा पूर्णाची. शूर्पारकाचा, म्हणजे आपल्या आजच्या नालासोपाऱ्याचा हा व्यापारी पुढे भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला, तिथे वादळात सापडला आणि त्याने पूर्णाचा धावा केला. कॉलेजच्या मुलांना घेऊन मी दरवर्षी तिथे जातो. मुले वादळाकडे बघतात. एका वर्षी एका मुलीने मात्र घटांकडे बोट केले. तिच्या गावाला तेव्हा टँकर चालू होता. "सर, चहूकडे एवढं पाणी, मग घागरी कशाला घेतल्या?" असे तिने विचारले. आजच्या लेखाचा विषय हाच प्रश्न आहे.

या चित्रातले जहाज आता भिंतीवरून खरोखरच पाण्यात उतरले आहे. त्यावरून बेतलेली, खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेली 'कौंडिण्य' ही नौका गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधली गेली. ती २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाली, २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघाली आणि १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचली. 'म्हादेई'सुद्धा याच दिवाडी बेटावरची. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबई सोडली आणि चार बंदरे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यात ते परतले, ते तिच्यावरूनच. एकट्याने शिडाच्या नौकेतून जगाला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. आणि ११ सप्टेंबर २०२५ रोजी तिन्ही सेनादलांतल्या स्त्रियांची 'त्रिवेणी' गेट वेहून अशाच प्रदक्षिणेला निघाली, तेव्हा तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर या करीत होत्या. मराठी माणसाला समुद्र परका आहे, हे म्हणणे आता जुने झाले.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. माझा भाचा मालवाहू जहाजांवर इंजिनियर होता. चौदा वर्षे नोकरी करून त्याने ती सोडली, गोव्यात बिऱ्हाड केले आणि एक ३७ फुटांची जुनी शिडाची होडी विकत घेतली. येत्या जानेवारीत बायको आणि नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन तो गोव्याहून सेशेल्स बेटांना निघणार आहे. अंतर सोळाशे सागरी मैल. बेत ऐकून आमच्या अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, फारसा आरडाओरडा केला नाही. तिने एकच अट घातली : "तुम्ही दोघं मोठी आहात, कुठंही जा. पण नात जाणार असेल तर पाण्याचं काय ते आधी मामाला पटवून दे. त्यानं हो म्हटलं तरच माझं हो." मेहुणे गेल्यापासून घरातले असे निकाल माझ्याकडे येतात. मराठीच्या प्राध्यापकाला पंपातले काय कळते, असा प्रश्न भाच्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. तो चार कंपन्यांची माहितीपत्रके घेऊन सोयगावला आला आणि आठ दिवस आमच्या ओसरीवर त्याचे वर्ग चालले.

अक्काची भीती वादळाची नव्हती, पाण्याची होती. बहात्तरच्या दुष्काळात ती सहा-सात वर्षांची होती. खडी फोडायला गेलेल्या आईची वाट पाहत, विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरणाऱ्यांच्या रांगेत ती उभी राहिलेली आहे. तेव्हा माझा जन्मही नव्हता. पण आजही तिच्या घरात पाण्याची तीन भांडी वेगळी असतात : वापरायचे पिंप, प्यायचा माठ आणि कोपऱ्यात झाकून ठेवलेला एक हंडा. त्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. का लावायचा नाही, हे ती सांगत नाही.

समुद्राचे पाणी का पीत नाहीत, हे आपण लहानपणापासून गृहीत धरतो, पण हिशेब पाहण्यासारखा आहे. एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपले मूत्रपिंड एवढे खारट मूत्र करू शकत नाही. म्हणून एक पेला खारे पाणी प्यायल्यावर त्यातले मीठ बाहेर टाकायला शरीर त्याहून जास्त पाणी खर्च करते. प्यावे तितकी तहान वाढते.

अक्काचा पहिला प्रश्न अगदी स्वयंपाकघरातला होता : "उकळायचं, झाकणावरची वाफ धरायची. त्याला यंत्र कशाला?" प्रश्न शहाणपणाचा आहे. भाचा ज्या मोठ्या जहाजांवर होता तिथे असेच करतात. इंजिनाची फुकट जाणारी उष्णता वापरून, हवेचा दाब कमी करून पाणी उकळवतात. आपल्या लक्षद्वीपमध्ये कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राचे वरचे कोमट पाणी आणि खोलवरचे थंडगार पाणी यांच्या तापमानातला फरक वापरून दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभा आहे. पण लहान होडीवर ना तसले इंजिन, ना तशी नळी. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशे वॉट-तासांहून जास्त उष्णता लागते. भाच्याने आणलेल्या यंत्रांपैकी सर्वांत किफायतशीर यंत्राला लिटरमागे चार वॉट-तास पुरतात. अक्का म्हणाली, "एवढा फरक? मग ते करतं तरी काय?"

करते ते असे. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. काकडीच्या पेशींचा पातळ पडदा पाण्याला वाट देतो, मिठाला देत नाही. आणि पाणी नेहमी मिठाकडे धावते. आता समजा, अशाच पडद्याच्या एका बाजूला समुद्राचे पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला गोडे. गोडे पाणी खाऱ्याकडे जायला बघणार. ते नुसते थोपवायचे तर खाऱ्या बाजूवर हवेच्या दाबाच्या सुमारे २७ पट दाब द्यावा लागतो. त्याहून जास्त दाब दिला तर प्रवाह उलटा फिरतो आणि खाऱ्यातले पाणी मीठ मागे टाकून गोड्या बाजूला येते. होडीवरची यंत्रे यासाठी साधारण ५५ पट दाब देतात. या कामाला पुरेसा चांगला पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या जोडीने तयार केला. सौरीराजन भारतीय होते, हे आपल्या शाळांतून सांगायला हवे.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर जो 'आरओ' टांगलेला असतो, तो याच घराण्यातला धाकटा भाऊ. नळाच्या पाण्यात क्षार काहीशे मिलिग्रॅम असतात, समुद्रात पस्तीस हजार. म्हणून घरचे यंत्र गुणगुणत काम करते आणि होडीवरचे धापा टाकते. घरचे यंत्र निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडते म्हणून आपण हळहळतो. होडीवरचे लहान यंत्र शंभर लिटर ओढून दहाच लिटर गोडे करते आणि उरलेले नव्वद लिटर समुद्राला परत देते. तिथे हळहळ नाही. पण ते नव्वद लिटर ढकलायला लागलेली शक्ती मात्र बॅटरीतून गेलेली असते.

माहितीपत्रकांतून शेवटी तीन उमेदवार उरले. त्यांची नावे देत नाही, हे जाहिरातीचे पान नव्हे. तिघांच्याही किमती लाखांत आहेत.

पहिला सर्वांत धाकटा. तासाला साडेपाच-सहा लिटर पाणी देतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार अँपिअर खातो, म्हणजे लिटरमागे आठ-नऊ वॉट-तास. गडी सावकाश, पण त्याचा पंप साधा आहे, रबरी कड्या बदलण्याचा संच घेतला तर होडीवर उघडून दुरुस्त होतो आणि वीज गेलीच तर दांडा बसवून हाताने चालवता येतो.

दुसरा मधला. तासाला तीस लिटर आणि लिटरमागे चारच वॉट-तास. हा चतुर आहे. ते नव्वद लिटर परत जाताना त्यांच्यात उरलेला दाब तो वाया घालवत नाही; तो आत येणाऱ्या पाण्याला ढकलायला वापरतो. माहितीपत्रक वाचताना त्याच्या प्रेमात पडावे असा. मात्र हे चातुर्य एका बंद, नाजूक पंपात भरलेले असते, आणि तो बिनसला तर भर समुद्रात उघडून सुधारणे अवघड.

तिसरा दांडगा. तासाला शंभर लिटरांहून जास्त. पण त्याला दीड हजार वॉट किंवा अधिक शक्ती लागते, म्हणजे वेगळा जनरेटर आला आणि त्याचे इंधन आले. मुंबईतला एक विक्रेता हाच घ्या म्हणून मागे लागला होता. "रोज अंघोळी करा, डेक धुवा," असे त्याने भाच्याला सांगितले. तीन माणसांच्या होडीला दिवसाला शंभर लिटर कशाला लागतात, हे त्याने विचारले नव्हते.

भाच्याचा कल मधल्याकडे होता, आणि तेवढ्यावर थांबला असता तर माझे काहीच म्हणणे नव्हते. पण त्याच्या वहीत पुढे आणखी एक ओळ होती. होडीत दीडशे लिटरांच्या दोन टाक्या आहेत. यंत्र तासाला तीस लिटर देणार, मग दोन टाक्या हव्यात कशाला? एक काढून टाकावी, दीडशे किलो वजन कमी होईल, होडी हलकी चालेल, आणि त्या जागेत मुलीची पुस्तके आणि सामान बसेल. वही माझ्यासमोर होती, अक्का दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

तेव्हा मला पंपातले कळत नसले तरी माझ्या विषयातले एक पुस्तक उपयोगी पडले. पदवीच्या वर्गाला मी 'आज्ञापत्र' शिकवतो. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास राज्यकारभाराचे नियम त्यात सांगितले आहेत. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, हा त्यातला दंडक बहुतेकांना माहीत असतो. पुढचा भाग वर्गात मुले पेंगत असताना येतो म्हणून विसरला जातो. पंत सांगतात की गडावर वाहता झरा आहे, पाणी पुरते आहे, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात, आणि पाण्याचा खर्च तर तेव्हाच वाढतो. म्हणून झरा असला तरी राखीव साठ्याची टाकी, तळी बांधावीत आणि त्यातले पाणी खर्च होऊ देऊ नये. या साठ्याला पंतांचा शब्द 'जखिरा'. मी भाच्याला म्हटले, "बाबा रे, तुझे यंत्र हा झरा आहे. तू जखिरा काढून झऱ्यासाठी जागा करतो आहेस."

भाचा हुशार आहे, आणि हुशार माणसाला तीनशे वर्षांपूर्वीचे पुस्तक पुरत नाही. "मामा, ते तोफांचं झालं. इथं आम्हाला कोण मारतंय?" असे तो म्हणाला. मग समुद्रावरचेच दाखले काढावे लागले.

'सुहेली' नावाची ३२ फुटांची नौका आपल्या मुंबईत, मुंबईच्याच सुतारांनी सागवानात बांधली आणि १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज खलाशी १४ जून १९६८ रोजी तिच्यातून इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. आफ्रिकेच्या टोकाशी वादळाने सुहेली आडवी केली, आणि नंतर पाहतो तर टाक्यांतले पाणी नासलेले. परत फिरावे असे ते कारण होते. पण त्याच्यापाशी सुट्या डब्यांतून वेगळे ठेवलेले पाणी होते आणि दक्षिणेकडच्या समुद्रात पाऊस भरपूर. त्या दोहोंवर त्याने उरलेले जग ओलांडले. टाकी आटायला तोफ लागत नाही. खारे पाणी किंवा डिझेल एकदा आत शिरले की पुरे. होडीवर एकच टाकी असली तर सगळे पाणी एका क्षणात जाते.

भाच्याने पाऊस हा शब्द पकडला. "मग आम्हीही पाऊस धरू." इथे भाचेसूनच मदतीला आली. तिने वाऱ्यांचे नकाशे वाचले होते. जानेवारीत ईशान्येचा वारा शिडाला उत्तम, पण कोरडा. विषुववृत्ताजवळ जाईपर्यंत अरबी समुद्रात पावसाची आशा धरण्यात अर्थ नाही. तिथे पोहोचल्यावर पाऊस असेल, पण वारा पडलेला असेल. म्हणजे वाटेचा पहिला मोठा टप्पा आपल्या घागरींवरच काढायचा.

दुसरा दाखला यंत्राच्या बाजूचा आहे, आणि तो सांगितला नाही तर अन्याय होईल. १९८९ मध्ये बिल आणि सिमोन बटलर या अमेरिकन पतिपत्नींची नौका प्रशांत महासागरात देवमाशांनी फोडली. एका रबरी तराफ्यावर दोघे ६६ दिवस राहिले आणि जिवंत वाचले. त्यांच्यापाशी हाताने दाबायचे एक लहान यंत्र होते, आत तसाच पडदा असलेले. रोज तासन्‌तास दांडा दाबून त्यांनी आपले पाणी काढले. आज असे सर्वांत लहान हातयंत्र किलोभर वजनाचे मिळते. मिनिटाला चाळीस वेळा दांडा दाबला तर तासाला एक लिटरहून थोडे कमी पाणी देते. हात दुखतात, पण माणूस जगतो.

हे सगळे झाल्यावर आम्ही पाटी कोरी केली. यंत्र राहू दे बाजूला, आधी पाणी मोजू, असे ठरले. माणसे तीन. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी चार लिटर, म्हणजे रोज बारा लिटर. दिवसाला शंभर मैल धरले तर सोळा दिवस. वारा पडेल म्हणून दीडपट, म्हणजे चोवीस दिवस. चोवीस गुणिले बारा, दोनशे अठ्ठ्याऐंशी लिटर. दोन टाक्यांत तीनशे आहेत. वीस-वीस लिटरांचे तीन डबे वेगळे बांधून ठेवले की तीनशे साठ होतात. त्याला बाराने भागा : तीस दिवस. यंत्राने पहिल्याच दिवशी मान टाकली तरी तीस दिवस.

आपल्या खेड्यांत 'जल जीवन मिशन'ने माणशी रोज ५५ लिटरांचे प्रमाण धरले आहे. त्यापुढे चार लिटर म्हणजे काहीच नाही. म्हणून यंत्र हवेच. अंघोळ, कपडे, केस धुणे यांसाठी रोज आणखी बारा-पंधरा लिटर मिळाले तरी होडी घरासारखी होते. पण हे पंधरा लिटर धाकट्या यंत्रानेही अडीच-तीन तासांत होतात. मधल्याच्या तुलनेत त्याला रोज साठ-सत्तर वॉट-तास जास्त लागतील. म्हणजे पाच वॉटचा एक दिवा रात्रभर जळला. एवढ्यासाठी हाताने चालणारा, घरी दुरुस्त होणारा पंप सोडायचा का? भाचा बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग त्याने टाकी काढण्याची ओळ स्वतःच खोडली. यंत्राच्या निवडीला आणखी दोन दिवस लागले. चातुर्याचा मोह इंजिनियराला लवकर सुटत नाही.

ज्यांच्या घरी असा भाचा नसेल त्यांनाही उपयोगी पडतील अशा चार गोष्टी या चर्चेत मी टिपून घेतल्या. पडदा कोणत्याही कंपनीचा बसेल अशा सर्वसाधारण मापाचा आहे ना, हे पाहावे. नाहीतर एका दुकानाचे आपण जन्माचे मिंधे होतो. यंत्र बंदरातल्या पाण्यात चालवू नये, कारण तेलाचा थेंबही पडद्याला मारक आणि गाळ आधीच्या गाळण्या बुजवतो. काम झाल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुवावे. पण ते पाणी नळाचे असेल तर त्यातले क्लोरीन पडदा जाळते, म्हणून आधी कोळशाच्या गाळणीतून जावे. काही आठवडे वापर नसेल तर पडदा औषधाच्या पाण्यात मुरवून ठेवावा, नाहीतर त्यावर शेवाळासारखा थर धरतो. आणि पहिली काही मिनिटे येणारे पाणी टाकीत न सोडता मापून पाहावे. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार चांगले समजतात. टाकी नासवायला एक खारट दिवस पुरतो.

कागदावरचे चार लिटर मला खरे वाटेनात. अक्कालाही वाटेनात. तिने तालीम मागितली. "पितृपक्षात नाहीतरी नवीन काही करायचं नसतं. दहा दिवस त्या होडीवर राहा, नदीतच. यंत्र लावायचं नाही, वरचं पाणी आणायचं नाही. पोरीनं रोज मला आकडा सांगायचा." मांडवीत नांगर टाकून तिघे दीडशे लिटरांच्या एका टाकीवर राहिली. रोज संध्याकाळी नातीचा फोन यायचा आणि अक्का भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायची.

पहिला आकडा एकोणतीस. "एकोणतीस?" अक्का फोनवर ओरडली. "तेवढ्यात आमच्याकडं लग्न लागतं!" दुसऱ्या दिवशी बावीस. कुठे जाते पाणी, याची मायलेकींनी पाळत ठेवली. प्यायला जात नव्हते. भांडी विसळताना जात होते, आणि नळ सोडून दात घासताना. नळ काढून पायाने दाबायचा लहान पंप बसवला. तिसऱ्या दिवशी चौदा. पुढे तेरा, बारा, तेरा. दहाव्या दिवशी दुपारी टाकी कोरडी पडली आणि नातीने अभिमानाने कळवले, "आजी, संपलं!" घरात पाणी संपल्याची बातमी एवढ्या आनंदाने आलेली अक्काने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली असेल. समुद्रावर भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याचा नुसता हात फिरवतात, भात शिजवताना तिसरा हिस्सा समुद्राचे पाणी घालतात. ती बचत अजून हाताशी आहे. बारा लिटरांचा हिशेब खरा आहे, असे मी अक्काला सांगितले.

तिने आणखी एकच गोष्ट मागितली. ते तीन डबे टाक्यांपासून लांब, वेगळ्या जागी बांधायचे आणि त्यांची किल्ली नातीजवळ ठेवायची. भाच्याने कारण विचारले नाही. त्याने कोपऱ्यातला झाकलेला हंडा लहानपणापासून पाहिलेला आहे.

धाकटे यंत्र आता होडीवर बसले आहे. आग्वादच्या पलीकडे, स्वच्छ पाण्यात जाऊन ते दोनदा चालवून पाहिले. दोन्ही वेळा पाणी मानकाच्या आत आले. नातीच्या मते त्याला चव नाही. हातयंत्राची पिशवी शिडीजवळ टांगली आहे. अक्काने मागितलेला होकार मी दिला आहे, आणि तो देताना सोळाशे मैल हा आकडा मला पूर्वीपेक्षा लहान वाटला असे मात्र नाही. एवढेच की त्या मैलांत पाण्याने दगा देण्याच्या ज्या वाटा आम्हाला दिसल्या, त्यांवर एकेक घागर ठेवून झाली.

परवा नव्या वर्षाचे कॅलेंडर घरात आले. अक्काने जानेवारीचे पान उघडले, निघण्याच्या दिवसापासून सोळा चौकोन मोजले आणि तिथे खूण केली. मग बोट तसेच पुढे फेब्रुवारीत नेत आणखी चौदा मोजले. तिसाव्या चौकोनात तिने पेन्सिलीने एक लहानसा हंडा काढला आणि कॅलेंडर खिळ्याला अडकवून ती दिव्यांच्या वाती वळायला बसली.